मदत हवी आहे: गॅस ग्रिलची ज्योत पिवळी, आतून भक्कन आवाज

नमस्कार मंडळी,

कोथरूडला गच्चीत आमचं तीन बर्नरचं गॅस ग्रिल आहे. जूनमध्ये ताडपत्रीत बांधलं, ते काल सोडलं. कोजागिरीला चुलत भावंडं धरून वीसेक माणसं येतील, म्हणून आधी पेटवून बघितलं.

उजवे दोन बर्नर व्यवस्थित. डाव्याची ज्योत मात्र पिवळी, लांबट, हलती. अर्ध्या भोकांतून काहीच येत नाही. पाच मिनिटांत पनीरला काजळी धरली. आच कमी केली तर बटणाच्या मागे, आतल्या बाजूला भक्कन आवाज झाला. बायको शेजारीच उभी होती. सिलिंडर बंद केला, तेव्हापासून ग्रिलला हात लावायची हिंमत झालेली नाही.

बिडाची जाळी रात्रभर साबणाच्या पाण्यात टाकली होती, सकाळी तिच्यावर तांबूस गंज. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटतायत, तो रंग आहे का? बर्नर आतून कसा साफ करायचा? दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. आठ दिवस हातात आहेत.

प्रतिसाद १
पहिलं म्हणजे कोणाला भाजलं नाही हे बरं झालं. पिवळी ज्योत म्हणजे गॅसला हवा कमी पडतेय. बर्नरच्या नळीत बटणाच्या बाजूने हवा शिरते, तिथे काहीतरी अडकलंय. गॅस पुढे न जाता मागे साठला आणि तिथेच पेटला. पावसाळ्यात बंद पडलेल्या ग्रिलमध्ये कोळी किंवा कुंभारीण (मातीचं घर बांधणारी माशी) घर करते. सिलिंडर सोडवून बर्नर बाहेर काढा आणि नळीतून लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश फिरवा. रविवार पेठेत बोहरी आळीत सहज मिळेल. ज्योतीची भोकं बारीक तारेने मोकळी करा, पण जेटमध्ये (गॅस सुटतो ते बारीक भोकाचं पितळी तोंड) टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो.

झाकणाचे पापुद्रे बहुतेक जळलेल्या तेला-धुराचे असतात. लाकडी उलथन्याने खरवडा. जाळीचा गंज घासून काढा, लगेच आचेवर कोरडी करा आणि गरम असतानाच तेलाचा पातळ हात फिरवा, तव्यासारखा. तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या फडक्याने पुसा, सुटलेली तार पोटात जाऊ शकते.

प्रतिसाद २
रबरी नळीवरचं साल बघा, ५ वर्षं झाली असतील तर बदला. सगळं जोडल्यावर बर्नर बंद ठेवून सिलिंडर उघडा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो, म्हणून पेटवताना झाकण उघडंच हवं. गळती आवरली नाही तर १९०६ या गॅस गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

धागाकर्ता
कुंभारीणच निघाली! नळीत अंगठ्याएवढा मातीचा गोळा, फोडला तर आत वाळलेले सात-आठ कोळी. ब्रश फिरवला, अडतीस भोकं एकेक करून मोकळी केली, फेस लावून बघितला. आता ज्योत निळी, टोकाला जराशी पिवळी. बायकोने स्वतः पेटवलं. रबरी नळीवर २०१९ छापलेलं होतं, आज बदलली. दोघांचे मनापासून आभार.

एकच विचारतो: पुढच्या जूनमध्ये बर्नरच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली तर हवा अडेल का? की बर्नर काढून घरातच ठेवू?