पोल बी विंगचा, वाद सगळ्या सोसायटीचा

शिंदे वहिनी (ए-२०३): टाकी धुण्याची सूचना कुठे गेली? कधीची वर सरकवतेय, नुसतं बॉक्सिंग बॉक्सिंग. रविवारी पाणी किती वाजता बंद, एवढंच हवंय मला.

पाटील सेक्रेटरी: वहिनी, सकाळी ९ ते दुपारी २. शनिवारी रात्री भरून ठेवा. बाकी सभासदांना नम्र विनंती, ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे.

सावंत (बी-१०४): विनंती मान्य साहेब. फक्त 'मोहम्मद अली की माइक टायसन, समोरासमोर आले तर कोण जिंकेल' या पोलचा निकाल जाहीर करतो. टायसन १७, अली १४. २७ जून १९८८, टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवला. विषय संपला.

कुलकर्णी काका (बी-५०१): विषय सुरूच झालेला नाही. "अली की टायसन" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठला अली? नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडला गुंडाळणारा, की ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर दहा राउंड मार खाऊन त्याच्याच कॉर्नरने, म्हणजे प्रशिक्षकाने, थांबवलेला? दिल्लीत आपल्या कौर सिंगबरोबर चार राउंडची प्रदर्शनीय लढत खेळला तोही १९८० चाच अली. आधी तारीख टाका, मग मतं मागा.

मयूर (ए-६०२): काका, अलीच्या १४ मतांत ४ तुमच्याच घरातली आहेत 😄

कुलकर्णी काका: मत फोन नंबरामागे एक. सर्वसाधारण सभेला तुमच्या घरून कितीजण येतात तेही एकदा मोजू.

पाटील सेक्रेटरी: 🙏

सावंत: बरं, तारीख घ्या. माझा टायसन जून १९८८ चा. तुमचा अली हवा तो आणा. ९१ सेकंद.

कुलकर्णी काका: विल्यम्सच्या रात्रीचा आणतो. वय २४, उंची ६ फूट ३, रीच म्हणजे हातांचा पल्ला ७८ इंच. तुमचा पठ्ठ्या ५ फूट १०, रीच ७१. सात इंचांची दरी ओलांडल्याशिवाय टायसनचा एकही ठोसा लागत नाही, आणि त्या दरीत अलीचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा, उभा आहे. तोही एका जागी नाही, गोल फिरत.

सावंत: दरी ओलांडणं हीच तर टायसनची पीकाबू शैली! दोन्ही ग्लोव्हज गालांना, हनुवटी छातीत, डोकं सतत हलतं. जॅब सुटला की डोकं त्याच्या बाहेर आणि त्याच क्षणी पाय आत. उजवा हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, बरगड्यांवर, समोरच्याचं कोपर खाली आलं की तोच उजवा हात अपरकट होऊन खालून वर हनुवटीवर. आणि तुमचा अली हात कमरेशी ठेवून सरळ मागे झुकतो. डाव्या हुकला हे आमंत्रणच. १९६३ ला हेन्री कूपरने लंडनमध्ये पाडला, १९७१ ला जो फ्रेझरने पंधराव्यात पाडला. दोन्ही वेळा डावा हुक.

कुलकर्णी काका: पाडला. आणि दोन्ही वेळा उठला. पुढच्याच राउंडला कूपरच्या भुवईची चिंधी करून लढत थांबवायला लावली. स्पिंक्स मुळात लाइट हेवीवेटचा, म्हणजे खालच्या वजनगटाचा, त्यात रिंगमध्ये आला तेव्हाच चेहऱ्यावर घाबरलेला. ते ९१ सेकंद अलीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीत.

सावंत: ९१ सेकंद.

शिंदे वहिनी: काल रात्री साडेअकराला क्लबहाउसमधून हेच ९१ सेकंद ऐकू येत होते. मुलीची परीक्षा आहे.

सावंत: सॉरी वहिनी. पण आवाज माझा नव्हता, ज्यांचा होता त्यांना कळेल.

कुलकर्णी काका: ज्यांची गाडी दोन स्लॉट अडवून उभी असते त्यांनी आवाजाचं बोलू नये.

पाटील सेक्रेटरी: पार्किंगचा विषय सभेत घेऊ. कृपया.

डिसोझा (सी-३०२): हुक आणि जॅबवरच अडकलात दोघे. ही लढत क्लिंचमध्ये, म्हणजे मिठी मारून धरण्यात, ठरेल. टायसनला आतमध्ये पकडलं की तो सुटायची धडपड करत नाही, रेफरी सोडवेल म्हणून थांबतो. मार्च १९८७ ला बोनक्रशर स्मिथने पूर्ण १२ राउंड मिठी मारूनच काढले. हरला, पण उभा राहिला. अली तर पकडण्यात उस्ताद. डावा हात मानेमागे, खाली ओढायचं, सगळं वजन समोरच्याच्या मानेवर टाकायचं. तेव्हा माझा प्रश्न, रेफरी कोण? १९७४ च्या दुसऱ्या फ्रेझर लढतीत टोनी पेरेझने धरू दिलं, अली गुणांवर जिंकला. मनिलाच्या तिसऱ्या लढतीत कार्लोस पाडियाने हात झटकून सोडवले, तर तीच जोडी चौदा राउंड रक्तबंबाळ. पाडिया असेल तर मी सावंतांच्या बाजूने, पेरेझ असेल तर काकांच्या.

जोशी सर (बी-४०३): डिसोझांचा मुद्दा लाखाचा. त्यात राउंडही धरा. अलीच्या काळात विजेतेपदाची लढत १५ ची. १९८२ ला लढतीतल्या दुखापतीने कोरियाचा बॉक्सर किम डुक-कू गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने १२ वर आणली, बाकीच्या संघटनांनी मागाहून. टायसन १२ राउंडांपलीकडे कधीच गेला नाही. त्याचे ठोसे पहिल्या चारात सगळ्यात घातक, सहाव्यानंतर एकेक सुटे मारायला लागतो. १५ ठेवले तर अली, १२ ठेवले तरी माझं मत अलीलाच, पण निसटतं.

मयूर: एआयला विचारलं, तो पण अलीच म्हणतोय.

कुलकर्णी काका: यंत्राला विचारून १९७० लाच झालंय. अली आणि निवृत्त विजेता रॉकी मार्सियानोने १९६९ ला कॅमेऱ्यासमोर लुटुपुटूचे एक एक मिनिटाचे राउंड केले, मार्सियानो केसांचा टोप घालून. शेवट संगणकाने ठरवला म्हणे. अमेरिकेत मार्सियानो तेराव्यात नॉकआउटने जिंकला, युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली. प्रेक्षक बघून निकाल.

सावंत: म्हणून म्हणतो प्रत्यक्ष काय झालं ते बघा. ९१ सेकंद.

जोशी सर: प्रत्यक्ष बघायचं तर ११ फेब्रुवारी १९९० चं टोकियो बघा सावंत. टायसनने त्याचा प्रशिक्षक केविन रूनीला काढून जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. डोकं हलायचं बंद, जॅबमागून आत शिरणं बंद, लांबून एकच मोठा ठोसा. समोरच्या बस्टर डग्लसने ८३ इंची रीचने जॅब, जॅब, उजवा, आणि जवळ आला की मिठी, एवढंच केलं. डोळा सुजला तर दाबायचा थंड धातूचा ठोकळाही टायसनच्या कॉर्नरकडे नव्हता, रबरी ग्लोव्हमध्ये बर्फाचं पाणी भरून धरत होते. आठव्यात अपरकटने डग्लसला पाडला तरी दहाव्यात स्वतः आडवा. म्हणजे तुमचा टायसन १९८६ ते ८८ एवढाच. तारीख दोन वर्षं पुढे सरकली तर पोल फिरवावा लागेल.

शिंदे वहिनी: पाणी २ ला येणार ना नक्की? मागच्या वेळी ५ वाजले होते.

पाटील सेक्रेटरी: २ ला. पंपवाल्याशी बोललोय.

मयूर: जॉर्ज फोरमनला कोणीच विचारत नाही. १९७३ चा फोरमन वि. सावंत काकांचा टायसन?

डिसोझा: सगळे फोरमन म्हणतील, कारण किंग्स्टनला फ्रेझर दोन राउंडांत सहा वेळा पडला आणि टायसनही तसाच बुटका, वाकून आत येणारा. फोरमन दोन्ही हातांनी खांदे मागे ढकलतो आणि पुन्हा आत येताना खालून अपरकट घालतो. पण फ्रेझर उशिरा तापायचा आणि सगळी भिस्त एका डाव्या हुकवर. टायसन घंटा वाजताक्षणी दोन्ही हातांनी सुरू. पहिले दोन राउंड फोरमनला जड जातील, तिसरा लागला तर फोरमन.

सावंत: तिसरा लागणारच नाही.

कुलकर्णी काका: ९१ सेकंद ना? माहीत आहे.

मयूर: आणि उतारवयातले? नोव्हेंबर १९९४ चा ४५ वर्षांचा फोरमन वि. तुरुंगातून सुटलेला १९९६ चा टायसन?

जोशी सर: फोरमन. १९९४ ला तेव्हाच्या विजेत्या मायकेल मूररविरुद्ध गुणांवर मागे होता, तरी जॅब टाकत टाकत दहाव्यापर्यंत वाट पाहिली आणि उजव्याने आडवा केला. १९९६ चा टायसन ब्रुनो आणि सेल्डनला लवकर संपवतो, पण होलिफिल्ड मागे हटला नाही तेव्हा अकराव्यात थांबवला गेला. फोरमनही हटत नाही, त्यात २५० पौंडांचा.

डिसोझा: पण होलिफिल्डकडे पाय होते सर, बाजूला सरकून कोन काढायचा. ४५ चा फोरमन सरकत नाही. मूरर डावखुरा, तो स्वतःच उजव्या हाताच्या रेषेत उभा राहिला, कॉर्नरमधून त्याचा प्रशिक्षक टेडी अॅटलस ओरडत असूनही. टायसन तिथे उभा राहील?

जोशी सर: पहिल्या तीन राउंडांत नाही. चौथ्यापासून राहील.