मदत हवी आहे: शिक्षकांना ओबीईचं ट्रेनिंग द्यायचंय, पण नुसते तक्ते भरून घ्यायचे नाहीत

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजमधल्या शिक्षकांसाठी आउटकम बेस्ड एज्युकेशनचं (ओबीई, म्हणजे विषय शिकून मुलांना काय करता यायला हवं ते आधी ठरवून त्यानुसार शिकवणं आणि तपासणं) दोन दिवसांचं ट्रेनिंग घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. सायन्स, कॉमर्स, भाषा सगळे एकत्र असणार आणि बरेचसे मला सीनियर. अशी ट्रेनिंग्ज मी स्वतः अटेंड केलीयत, सकाळी ओबीईची कल्पना मांडणारे विल्यम स्पेडी, १९८९ चा वॉशिंग्टन अकॉर्ड (इंजिनिअरिंग पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा आंतरराष्ट्रीय करार), ब्लूमच्या विचार करण्याच्या सहा पायऱ्या, मग क्रियापदांची यादी आणि जेवणानंतर एक्सेल उघडून सीओ-पीओ मॅपिंगमध्ये (सीओ म्हणजे एका विषयातून मुलांना काय यायला हवं, पीओ म्हणजे पूर्ण पदवीतून काय; दोन्हींचा संबंध किती ते आकड्यांत लिहायचा तक्ता) १, २, ३ भरत बसायचं. फाइल पूर्ण होते, वर्गात मात्र पुढच्या आठवड्यात सगळं पहिल्यासारखंच. मला हे नकोय.

मला वाटतं खरी गोम प्रश्नपत्रिकेत आहे. कॉम्प्युटरच्या डेटा स्ट्रक्चर (माहिती साठवायच्या रचना, उदा. स्टॅक, क्यू) या विषयाच्या एका फाइलमध्ये सीओ असा होता, 'दिलेल्या प्रॉब्लेमसाठी योग्य डेटा स्ट्रक्चर निवडून निवडीचं कारण देता येईल'. फार छान लिहिलेला. आणि पेपरात त्याच सीओचा नंबर टाकून विचारलंय काय, तर 'स्टॅकची व्याख्या लिहा', 'स्टॅक आणि क्यू यांतला फरक लिहा'. मुलांनी पाठ केलं, मार्क पडले, अटेनमेंट शीटवर (सीओ किती साध्य झाला ते मार्कांवरून दाखवणारा तक्ता) टार्गेट पूर्ण. म्हणजे मुलांना निवड करता येते असं कागद सांगतोय आणि निवड करायची वेळ त्यांच्यावर एकदाही आलेली नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नुकसान मुलांचं होतं.

नुसतं क्रियापद बदलूनही भागत नाही. 'विश्लेषण करा' लिहिलं पण तेच उदाहरण वर्गात सोडवून दाखवलेलं असेल तर मुलगा आठवूनच लिहिणार ना.

म्हणून माझा विचार असा, की प्रत्येकाने आपला मागचा पेपर घेऊन यायचं आणि थिअरी न सांगता थेट तिथूनच सुरुवात करायची, हा प्रश्न सोडवताना मुलाला डोक्यात नक्की काय करावं लागतं ते प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं. दुसऱ्या दिवशी प्रश्न नव्याने लिहिणं, रुब्रिक (कशाला किती मार्क द्यायचे याचे ठरवलेले निकष) आणि शेवटी अटेनमेंट.

अडतंय कुठे, तर सीनियर सरांचा पेपर सगळ्यांसमोर उघडायचा कसा, त्यांचा अपमान व्हायला नको. आणि कवितेसारख्या विषयाला हे कसं लावायचं? 'आस्वाद घेता येईल' हे मोजणार कसं? कोणी असं ट्रेनिंग घेतलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, दिशा बरोबर आहे. पेपर सगळ्यांसमोर उघडूच नका, जोड्या लावा आणि मुद्दाम वेगळ्या विभागांच्या लावा. केमिस्ट्रीचा पेपर कॉमर्सच्या मॅडमनी बघायचा, त्यांना विषय येत नाही त्यामुळे त्या चुका काढायला जात नाहीत, एवढंच विचारतात की सर, हे उत्तर पुस्तकात जसंच्या तसं मिळतं का? या साध्या प्रश्नावर सर स्वतःच विचारात पडतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

सीनियर लोकांना त्यांचे व्हायवाचे प्रश्न विचारा. ही रीडिंग अशी का आली, ही स्टेप गाळली तर काय होईल, असं तोंडी ते वर्षानुवर्षं विचारत आलेत, ते फक्त लेखी पेपरात येत नाही. तिथून सुरुवात केली की त्यांना हे नवीन खूळ वाटत नाही.

कवितेसाठी वर्गात न शिकवलेली कविता द्या. 'प्रतिमांचा अर्थ कवितेतल्या ओळींच्या आधाराने मांडता येईल' असा सीओ मोजता येतो. मग एकच उत्तर दोन शिक्षकांना वेगवेगळं तपासायला द्या, १० पैकी एकाने ४ दिले आणि दुसऱ्याने ८, की रुब्रिक कशाला लागतं ते आपोआप कळतं. हा भाग घाईत उरकू नका, खरी चर्चा इथेच होते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मॅपिंगबद्दल एकच, रकाना रिकामा ठेवला तरी चालतो हे आधीच स्पष्ट सांगा. जिथे तिथे ३ भरले की कुठला विषय कशाला हातभार लावतो तेच दिसेनासं होतं. अटेनमेंटमध्येही टार्गेट आधी ठरवा, उदाहरणार्थ ६०% मुलांना निदान ६०% मार्क, आणि कमी आलं तर शिकवण्यात काय बदलणार ते तिथेच एका ओळीत लिहून घ्या. निकाल बघून टार्गेट खाली आणलं तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, वेगळ्या विभागांच्या जोड्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आता एकच राहिलं, ट्रेनिंगनंतरचा फॉलोअप. पुढच्या अंतर्गत परीक्षेचे पेपर छापायला जायच्या आधी त्याच जोड्यांना तासभर पुन्हा बसवावं म्हणतेय. प्राचार्यांकडून तेवढा वेळ टाइमटेबलमध्येच मागून घेऊ, की आधी ज्यांना इच्छा आहे त्यांच्यापुरतंच ठेवू?