मदत हवी आहे: स्कॉटलंडची बेटं आणि सेंट किल्डाची बोट (तातडीचं)

दुर्बीणवाली:
स्कॉटलंडच्या बेटांवर लँडस्केप फोटोग्राफीसाठी जायचंय. स्काय, हॅरिस, सेंट किल्डा (भर अटलांटिकातली बेटं) आणि जमलं तर ऑर्कनी. आठवडाभर हातात आहे. सेंट किल्डाच्या बोटवाल्यांना मेल टाकलेत, कुणी उत्तरच देत नाही. एका साइटवर तर सगळं कॅलेंडर राखाडी. बुकिंग नक्की कुठून करतात? विमानाचं भाडं रोज चढतंय आणि नवरा तिकिटांसाठी डोकं खातोय. जाऊन आलेल्यांनीच लिहा प्लीज. 'गूगल करा' नको, ते करून झालंय.

कातळखोदू:
कधी? कुठून? किती जण? गाडी कोण चालवणार? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

पायपीट_प्रकाश:
स्कायला जाऊच नका. तिथल्या फेअरी पूल्सला (डोंगराखालचे नितळ डोह) आता रविवारच्या सिंहगडासारखी गर्दी असते, ट्रायपॉडला ट्रायपॉड लागतो. त्यापेक्षा नॉर्वेत लोफोटेन करा. तिथे बेटं पुलांनी जोडलेली आहेत, बोटीची भानगडच नाही.

सदाशिव_पेठी:
व्हिसासाठी बँक स्टेटमेंट नीट जोडा. खात्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर प्रश्न विचारतात. माझ्या मेव्हण्याचा अर्ज त्यावरूनच अडकला होता.

दुर्बीणवाली:
@सदाशिव_पेठी, व्हिसा आहे हो. विचारलाच नव्हता.
@पायपीट_प्रकाश, नॉर्वे नको.
@कातळखोदू, पुण्याहून. आम्ही दोघंच. कधी म्हणजे काय, दिवाळीतच, सुट्टी तेव्हाच असते. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन घरी करून लगेच निघायचं. आता बोटीचं सांगा.

अॅबरडीनकर:
घ्या! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं ताई. सेंट किल्डाच्या दिवसाच्या फेऱ्या साधारण एप्रिल ते सप्टेंबर एवढ्याच असतात. कॅलेंडर राखाडी दिसतंय ते त्यामुळे. हॅरिसमधल्या लेव्हरबर्गहून किंवा स्कायमधल्या यूईगहून छोट्या बोटी सुटतात आणि मध्ये उघडा अटलांटिक आहे, नोव्हेंबरात कोण नेणार? उन्हाळ्यातसुद्धा हवा बिघडली की फेरी रद्द. पोचलात तरी हर्टावर (सेंट किल्डाचं मुख्य बेट) उतरायला मिळेल याची खात्री नाही, कारण शेवटचा टप्पा डिंगीने (छोट्या होडीने) आणि लाटा जास्त असतील तर उतरवत नाहीत. पफिन पक्षीही ऑगस्ट लागला की निघून जातात. तिथल्या शेवटच्या ३६ जणांनी १९३० मध्ये स्वतःच विनंती करून बेट सोडलं, ते काय उगाच?

दुर्बीणवाली:
मग प्लॅनच बोंबलला की. सेंट किल्डासाठीच तर जात होते. रद्दच करते सगळं.

वेंगुर्ल्याचो:
थांबा थांबा. दिवाळी म्हणजे अमावस्या, म्हणजे समुद्राला उधाण. भरती मोठी तशी ओहोटीही खोल. हॅरिसच्या लस्केंटायर किनाऱ्यावर पाणी पार आत जातं आणि वाळूचे पट्टे, त्यातून पाण्याच्या शिरा, समोर तारान्सेचं बेट, उत्तरेला हॅरिसचे डोंगर. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा) यातलं अर्धंही उघडं पडत नाही. स्टॉर्नोवेची (हॅरिसला जोडून असलेल्या लुईसमधलं मुख्य गाव) भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा आणि अमावस्येनंतरचे दोन दिवस तिथेच काढा.
शिवाय रात्री चंद्र नाही. लुईसमधल्या कॅलनिशच्या पुरातन उभ्या शिळा आणि वर नुसत्या चांदण्या. नशीब जोरावर असेल तर उत्तरेला अरोरा (ध्रुवीय प्रकाश).

अॅबरडीनकर:
+१. उजेडही बघा. त्या आठवड्यात दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. ढग फाटले की अख्खा दिवस तिरपं ऊन. जूनमध्ये त्यासाठी रात्री दहा वाजता बाहेर पडावं लागतं. फक्त सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा दिवसाला एकच ठिकाण धरा. लस्केंटायर आणि लुईसमधले मँगर्स्टाचे समुद्रातले सुळके एकाच दिवशी कोंबू नका.

पायपीट_प्रकाश:
ढग फाटले तर! नोव्हेंबरात पाऊस आडवा येतो तिकडे. पफिन नाहीत, माखेरची (किनाऱ्यावरच्या कुरणांची) फुलं नाहीत. पैसे वाया.

अॅबरडीनकर:
फुलांचे फोटो तिने मागितलेत का? आणि मिजेस (चावणारी चिलटं) पण नसतात, ते नाही सांगितलंत. मी इथेच राहतो हो.

पायपीट_प्रकाश:
अॅबरडीन पूर्व किनाऱ्यावर आहे, हेब्रिडीज (स्काय, लुईस, हॅरिस वगैरे बेटं) पश्चिमेला. 'इथेच' कसं काय?

काचबिलोरी:
भांडा तुम्ही. ताई, एक कामाचं. वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात आणि फिल्टरवर त्यांचा दुधी थर बसतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कळत नाही, घरी येऊन बघावं तर सगळे फोटो धुरकट. कोरड्या फडक्याने पुसलं तर तो थर नुसता पसरतो. गोड्या पाण्याची स्प्रेची बाटली आणि तीनचार मायक्रोफायबर खिशात ठेवा. ट्रायपॉड जड घ्या आणि मधला दांडा वर काढू नका.

वेंगुर्ल्याचो:
ट्रायपॉडचे पाय खाऱ्या पाण्यात गेले तर रात्री नळाखाली धुवा. नाहीतर लॉक जाम.

सुगरण_सुलू:
खाण्याचं काय? थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट न्या. स्टॉर्नोवे ब्लॅक पुडिंग हे नाव वाचून कुणी गोड समजू नये, रक्ताचं असतं ते. आणि लुईस-हॅरिसला रविवारी सगळं कडकडीत बंद, शनिवारीच किराणा भरा.

कातळखोदू:
स्टॉर्नोवेचं टेस्को सुपरमार्केट नोव्हेंबर २०२४ पासून रविवारी उघडतं.

सुगरण_सुलू:
एक टेस्को उघडलं म्हणून बेट उघडलं का? लेव्हरबर्गहून किराण्यासाठी स्टॉर्नोवेला जाणार?
अवांतर: अस्सल हॅरिस ट्वीड घ्या. १९९३ च्या कायद्यानुसार ते बेटावरच्या माणसांनी आपल्या घरीच विणलेलं असावं लागतं. नवऱ्याला कोट शिवा, तिकिटांची कटकट थांबेल.

दुर्बीणवाली:
बरं, रद्द नाही करत. पण ऑर्कनीचं कुणी बोललंच नाही. मधला एक दिवस टाकला तर?

अॅबरडीनकर:
नाही. ऑर्कनी नकाशावर जवळ दिसतं, पण त्याची बोट मुख्य भूमीच्या उत्तर टोकाला, स्क्रॅब्स्टरहून. जाण्यायेण्यातच दोन दिवस जातील. स्कायही सोडा. मुख्य भूमीवरच्या अलापूलहून स्टॉर्नोवेची कॅलमॅक कंपनीची फेरी पकडा, पावणेतीन तास लागतात. वादळात तीही रद्द होते, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर राहू नका. निदान एक दिवस आधी मुख्य भूमीवर या.

सदाशिव_पेठी:
प्रवास विमा काढलाय ना? क्लेमसाठी बोट रद्द झाल्याचं लेखी लागतं.

दुर्बीणवाली:
हे मात्र कामाचं, थँक्यू. शेवटचं: गाडी इन्व्हरनेसहून घेऊन फेरीत चढवायची की विमानाने स्टॉर्नोवेला जाऊन तिथे घ्यायची? गाडी नवरा चालवणार, आणि त्याला ऑटोमॅटिकच लागते.

अॅबरडीनकर:
इन्व्हरनेसहून घ्या, ऑटोमॅटिक मिळायला सोपं. गाडी फेरीवर नेणार हे कंपनीला आधी विचारा आणि फेरीत गाडीची जागा आत्ताच धरा. भारतीय लायसन्स वर्षभर चालतं, गाडी डावीकडूनच. पण रस्ते एकपदरी. मधेमधे पासिंग प्लेस (समोरच्याला वाट द्यायची रुंद जागा) असतात. समोरून गाडी आली आणि ती जागा आपल्या डावीकडे असेल तर त्यात शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबा. आणि फोटो काढायला तिथे गाडी लावू नका, मागून येणारा स्थानिक माणूस तोंडाने काही बोलणार नाही, पण बघेल.