झाडं आम्ही लावायची, ठरवायचं मात्र दुसऱ्यांनी?

सराफबाजारकर:
परवा आमच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरत होती. सार एवढंच की पूर, उकाडा, अवकाळी सगळं आपल्याच हातात आहे, महापालिकेला शिव्या घालणं बंद करा, प्रत्येक सोसायटीने दहा झाडं लावा, रविवारी घाट झाडा, नाशिक वाचेल. खाली अंगठेच अंगठे. मला याचा राग आला, का ते सांगतो.

गोदावरीचा 2008 चा पूर ज्यांनी सराफ बाजारातून बघितला त्यांना एकत्र येणं शिकवू नका. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून आम्ही पूर मोजतो, त्याच्या कमरेला पाणी लागलं की आमच्याकडे कोणी कोणाला विचारत बसत नाही, शेजारी शेजाऱ्याचा माल माळ्यावर चढवायला लागतो, आधी वह्या आणि वजनकाटे, मग काउंटर दोराने खांबाला बांधायचे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले ते कळलं की नदीच्या वरच्या अंगाला आनंदवलीत राहणारे ओळखीचे लोक फोन करून पाणी कुठवर चढलं ते सांगतात, तेवढ्यात आवरायचं. पण सरस्वती नाला वरून झाकायचा हे आम्ही ठरवलं होतं का? गोदावरी चढली की नाल्याचं पाणी मागे फिरतं आणि नदी दाराशी यायच्या आधी चेंबरमधून बाजारात येतं. 2003 च्या सिंहस्थाच्या वेळी गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट ओतलं, ते काढा म्हणून लोकांना कोर्टात जावं लागलं. निस्तरायला आम्ही आणि ठरवताना आम्ही कुठेच नाही, याला लोकसहभाग म्हणत असाल तर मला तो नको.

गच्चीपाणी (पाथर्डी फाटा):
ती पोस्ट मी लिहिलेली नाही पण मला पटली. ठरवायचा हक्क मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? आमच्या सोसायटीत एप्रिल आला की टँकर, आणि मीटिंगला बोलावलं की अर्धे लोक गायब. शेवटी चार घरांनी पुढे होऊन गच्चीचे पाइप बोअरकडे वळवले. हिशेब सोपा आहे, हजार चौरस फूट गच्चीवर 700 मिमी पाऊस पडला तर 65 हजार लिटर पाणी होतं, थोडं वाया धरलं तरी 50 हजार उरतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचं, मग खडी आणि वाळूच्या टाकीतून गाळून बोअरमध्ये, आणि ती वाळू दरवर्षी मे महिन्यात काढून धुवायची. हे शेवटचं कोणी करत नाही म्हणून मग "हार्वेस्टिंग फेल आहे" म्हणतात. यात महापालिकेची परवानगी कुठे आडवी आली सांगा.

गंगापूररोडवाला:
झाडांचं निघालंच आहे तर रस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या झाडांबद्दल पण बोला की. रस्ता रुंद केला, वड तसाच मध्ये. माझा मेहुणा रात्री बाईकवर होता, समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर आला आणि सरळ खोडावर. सहा महिने अंथरुणात, पाय अजून नीट टेकत नाही. पर्यावरणवाल्यांनी कोर्टातून झाडं वाचवली आणि माणसं मेली तरी चालतील असा प्रकार आहे हा.

देवराईप्रेमी:
मेहुण्यांचं खरंच वाईट वाटलं. पण दोष झाडाचा कसा? ते आधीपासून तिथेच होतं, रस्ता त्याच्या अंगावर आला. रिफ्लेक्टर नाही, पट्टे नाहीत, स्पीडला आळा नाही, आणि मारेकरी कोण तर वड! 5 जून 2015 ला फाशीच्या डोंगरावर हजारो नाशिककर देशी झाडं लावायला गेले होते, आज तिथे देवराई उभी आहे कारण पुढचे उन्हाळे लोक पाणी घालत राहिले. एक जुना वड जेवढी सावली देतो तेवढी द्यायला आपल्या दहा रोपांना पन्नास वर्षं लागतील. तपोवनात साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा लोक रस्त्यावर आले ते उगाच नाही.

गंगापूररोडवाला:
उपदेश करणं सोपं आहे. तुमच्या घरातलं कोणी दवाखान्यात पडलं असतं तर देवराई आठवली असती का? पुनर्रोपण करा ना मग.

देवराईप्रेमी:
घरातल्यांवर येऊ नका. एवढ्या मोठ्या वडाचं पुनर्रोपण म्हणजे आधी फांद्या छाटा, मुळांभोवती चर खणा, क्रेन आणा, नंतर दोन उन्हाळे पाणी द्या. आणि ते पाणी द्यायलाच कोणी नसतं! खड्ड्यात नेऊन उभं केलेलं झाड वाळलं की फोटो काढायला येतं का कोणी?

सराफबाजारकर:
अहो मी नाल्याचं बोलत होतो, तुम्ही वडावर लटकलात.

ओझरचा शेतकरी:
शहरवाले भांडा खुशाल, पण ठरवायच्या हक्काचा प्रश्न आमच्याकडे 1990 च्या आसपासच निघाला होता. वाघाड धरण दिंडोरीत आणि आम्ही कालव्याच्या शेपटाला, पाणी वरच्या गावांतच संपायचं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये, भरत कावळे गावोगाव बैठका घेत फिरले, शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था झाल्या, आणि अट एकच, पाणी मोजून मिळालं पाहिजे. एकरावर नाही, घनमीटरवर पैसे. पाणी मोजून मिळायला लागल्यावर आम्ही बंधाऱ्यात अडवलं, विहिरी भरल्या, मग द्राक्षं आली. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आलं. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा 2005 चा, म्हणजे आमच्या कितीतरी नंतर. त्याआधी बागलाणात फड पद्धत होतीच, पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी ठरवेल त्या क्रमाने पाणी, मोठा शेतकरी असला तरी पाळी मोडता येत नव्हती.

नुसतं श्रमदान करून काही झालं नसतं. पण हक्क आधी द्या, मग हलतो, असं म्हणत बसलो असतो तरी काही झालं नसतं. संस्थेची वही आम्हीच लिहायचो, थकबाकीदार भाऊबंद असला तरी त्याचं पाणी बंद करायचो. यात भांडणं होतात, लग्नात बोलणं बंद होतं. ती तयारी सोसायट्यांची आहे का?

गच्चीपाणी:
नाही, मेंटेनन्स थकवणाऱ्याचं पाणी तोडायची हिंमत आमच्या कमिटीत नाही हे मान्य. पण तुमच्याकडे पाण्याचा पैसा होत होता दादा, आमच्याकडे गच्चीच्या पाण्यातून टँकरचं बिल थोडं कमी होतं एवढंच. लोक कशासाठी येणार?

सराफबाजारकर:
यासाठीच तर म्हणतो, वॉर्डातल्या नाल्यांचा नकाशा लोकांसमोर टांगा, कुठे झाकला, कुठे वळवला, कोणी परवानगी दिली. पूररेषेच्या आत काय बांधलं जातंय ते बांधायच्या आधी कळू द्या. मग बघा लोक येतात की नाही. गच्चीच्या पाण्याला माझा विरोध नाही, आमच्या दुकानांच्या पत्र्यांवरून उतरणारं पाणी सगळं त्याच नाल्यात जातं हे खरं आहे, वाळूच्या टाकीचं माप पाठवा. फक्त तेवढ्यावर पूर थांबेल असं लिहू नका.

गच्चीपाणी:
पाठवतो. बाजारात टाकीला जागा मिळणार नाही पण, आधी खाली जुनी विहीर आहे का शोधा, वाड्यांच्या भागात बुजवलेल्या खूप आहेत.

गंगापूररोडवाला:
आणि झाडांवर रिफ्लेक्टर कोण लावणार ते कोणी बोललंच नाही.

देवराईप्रेमी:
शनिवारी रात्री मी येतो, पट्टे मी आणतो. रंगाचा डबा तुम्ही आणा. पण वडाला खिळा ठोकू देणार नाही.