टाकीच्या तळाची गळती: हंगामात लेप लावून चालवावे की डेक कापावा?

दर्याकाठ
रत्नागिरीच्या आमच्या फायबर ट्रॉलरवर गेल्या आठवड्यात डिझेलची गळती आढळली. उजवी लोखंडी टाकी इंजिन आणि नौकेची बाजू यांच्यामध्ये डेकखाली बसवलेली असून तिचा मागचा खालचा कोपरा लाकडी बैठकीवर टेकतो. तेथून दोन सेकंदांना एक थेंब पडतो. बोटांची टोके तेथवर कशीबशी पोहोचतात, पण डोळ्यांना काही दिसत नाही; काठीला मोबाइल बांधून चित्रण केले तेव्हा कुठे ओला डाग दिसला. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला दोन लिटरांहून अधिक डिझेल तळाच्या पाण्यात मिसळते आणि आपोआप चालू होणारा पंप ते समुद्रात टाकतो. त्याच समुद्रात आपण जाळी सोडतो.

माझे स्पष्ट मत असे की टाकीवरचा डेक कापावा, टाकी बाहेर काढून तळाचा पत्रा बदलावा आणि कापलेल्या जागी बोल्टने बसणारे झाकण कायमचे ठेवावे. बाहेरून लेप लावून हंगाम संपेपर्यंत, म्हणजे ३१ मेपर्यंत, दिवस काढणे मला मान्य नाही. डिझेलमधले पाणी तळाशी बसते आणि पत्रा आतून खाते; एका छिद्रावर लेप बसला तरी शेजारचा पत्रा किती पातळ झाला आहे, हे त्यावरून कळत नाही.

जुना फिटर
आपल्या कळकळीबद्दल आदर आहे, तरीही मी असहमत आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मोठी दुरुस्ती त्याच काळात करायची असते. आता डेक कापला तर किमान आठवडाभर नौका धक्क्याला राहील, खलाशांची उचल मात्र आधीच दिलेली असेल. शिवाय हे डिझेल आहे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने तळाशी साचते आणि बॅटरीच्या एका ठिणगीने पेटते, म्हणून पेट्रोलची गळती असती तर मी स्वतःच नौका थांबवली असती. येथे टाकी रिकामी करावी, पट्टीला सँडपेपर चिकटवून पत्रा चकचकीत घासावा, कोरडा पुसून एपॉक्सी पुटी (दोन भाग मिसळल्यावर घट्ट होणारा लेप) दाबावी आणि पूर्ण एक दिवस हात लावू नये. मी अशी लावलेली पुटी दोन हंगाम टिकली आहे. फसते ती ओल्या पत्र्यावर घाईने लावलेली.

तांडेलाची लेक
आपण दोघेही गळती टाकीचीच आहे असे धरून चालला आहात. डिझेल वरून ओघळत खाली येते आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यावरून टपकते. इंजिनाकडून परत येणारा पाइप टाकीच्या माथ्यावर जोडलेला असतो आणि तेथील बँजो बोल्टचा (ज्याच्या पोकळीतून डिझेल जाते त्या बोल्टचा) तांब्याचा वॉशर एकदा वापरला की कडक होतो. पुन्हा तोच बसवला तर पाझरतो. टाकीची बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा, खडूची भुकटी लावा आणि ओल वरून उतरते की खालूनच उमटते ते पाहा. इंजिन बंद असताना रात्रभर आणि चालू असताना तासभर, असे दोनदा पाहा. इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाइपांजवळ मात्र हाताने चाचपू नका. तेथील प्रचंड दाबाचा बारीक फवारा कातडीत घुसतो. तेथे पुठ्ठा धरावा.

दर्याकाठ
ताई, तुमची शंका निम्मी खरी ठरली. इंजिन चालू केल्यावर माथ्याकडून एक ओली रेघ उतरली. त्या बोल्टचे दोन्ही वॉशर नवे घातले, ती रेघ थांबली आणि गळती पाच सेकंदांना एक थेंब एवढी उतरली. उरलेली ओल मात्र रात्रभर इंजिन बंद असतानाही कोपऱ्यातूनच उमटली. म्हणजे टाकीही गेलेली आहेच.

फिटरसाहेब, डिझेल पेटत नाही या समजुतीवर मला बोलायचे आहे. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला द्रवावरची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान. आपल्याकडे वाहनांच्या डिझेलसाठी मानकाने तो किमान ३५ अंश ठेवला आहे आणि ऑक्टोबरच्या दुपारी आमच्या इंजिनघरात त्याहून अधिक उष्णता असते. मोठ्या जहाजांवर २२० अंशांहून तापणारे भाग झाकण्याचा आंतरराष्ट्रीय नियम उगाच झालेला नाही. आमचा एक्झॉस्ट पाइप त्या टाकीपासून हातभर अंतरावर आहे. आणि तुमची पुटी उत्तम असली तरी ती ज्या कोपऱ्यात बसणार तेथे उद्या ती सुटली, तर ते पाहणार कोण? मला मूळ दोष छिद्रापेक्षा त्या न दिसणाऱ्या जागेत वाटतो.

जुना फिटर
उष्णतेचा मुद्दा मान्य आहे. पुटीचा आग्रह सोडतो, परंतु लगेच डेक कापावा हे अजूनही पटत नाही. आपल्या नौकेला डावी टाकी असणारच. उजवी पूर्ण उपसून तिचे कॉक बंद करा, दिवाळीपर्यंत एकाच टाकीवर जवळच्या फेऱ्या करा आणि नौका डावीकडे कलू नये म्हणून बर्फ उजव्या खणात भरा. रिकाम्या टाकीला कोणालाही वेल्डिंगची नळी लावू देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. ती बाहेर काढून वाफेने धुतल्यावरच कापायची.

दर्याकाठ
हे पटले. उजवी टाकी आजच उपसतो आणि फेऱ्या दोन दिवसांच्याच ठेवतो. दिवाळीत खलाशी गावी गेले की डेक कापायचा, त्यासाठी मे महिन्याची वाट पाहणार नाही.

जुना फिटर
मग कापताना दोन आडव्या तुळयांच्या मधोमध कापा आणि चारही कोपरे गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यातून फायबरला चीर जाते. झाकण मात्र टाकी सरळ वर निघेल एवढे मोठे करा, नुसता हात जाईल एवढे नको.