करंडक जिंकूनही गेलेली नोकरी

‘संघ जिंकतोय तोवर कोचच्या लफड्याकडे कुणी बघत नाही’ असं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मे १९७७ मध्ये कोच टॉमी डोचर्टींच्या मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबने लिव्हरपूलला २-१ हरवून एफए कप ही इंग्लंडमधली मानाची स्पर्धा जिंकली आणि जुलैत क्लबने त्यांना काढलं. कारण, संघाच्याच फिजिओच्या बायकोशी असलेले संबंध. उलट २००४ मध्ये इंग्लंड संघाचे कोच एरिक्सन यांचं फुटबॉल असोसिएशन या तिथल्या फुटबॉल संघटनेतल्या कर्मचारी महिलेशी असलेलं प्रकरण गाजलं, तेव्हा संघटनेचे मुख्य कार्यकारी मार्क पॅलिऑस यांना जावं लागलं (त्यांचेही तिच्याशी संबंध होते), एरिक्सन मात्र २००६ च्या वर्ल्ड कपपर्यंत राहिले. माझ्या मते फरक निकालाचा नाही, घाव ड्रेसिंग रूमच्या आत बसला की बाहेर, याचा आहे.

आमच्या परभणीत फुटबॉल शिकवणाऱ्या सरांचा असाच बोभाटा झाला आणि त्यांना एका रात्रीत काढलं. काढलं ते चूक म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पंधरा-वीस पोरं बूट बांधून ग्राउंडवर बसून राहिलो, बॉलची जाळी सरांच्याच घरी. ऊन चढेपर्यंत कुणी सांगायलासुद्धा आलं नाही.