बाबांचा सेबेंझा चाकू: "स्टील जुनं झालं" म्हणून भाव पाडतायत, हे खरं आहे का?

गिरगावची_लेक:

बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. मागच्या वर्षी गेले. कपाट आवरताना घडीचे तीन चाकू निघाले. एक बक ११०. एक स्पायडर्को डेलिका, पात्यावर एटीएस-५५ असं स्टीलचं नाव कोरलेलं. आणि तिसरा क्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्याचा मोठा सेबेंझा, हा बाबांचा खरा जीव. रविवारी दुपारी पेपर अंथरून ते तो पूर्ण खोलायचे, पुसायचे, थेंबभर तेल घालून परत जोडायचे. आम्ही पोरं स्क्रू सांभाळायला. डब्यात कंपनीचं, १९९८ ची तारीख असलेलं कार्ड आहे. त्यांच्या वहीत एकच ओळ: "पातं बीजी-४२. बेअरिंगचं स्टील, म्हणून घेतला."

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून विकायचा विचार करतेय. एका ओळखीच्या संग्राहकाला दाखवला तर म्हणाले, "आता मॅग्नाकट या नव्या स्टीलचा जमाना आहे, बीजी-४२ कोण विचारतो? बारा हजार देतो." पात्यावर तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग आहे, तोही त्यांनी दाखवला. बारा हजार कमी वाटतात, पण मला यातलं कळत नाही. नव्या स्टीलमुळे जुन्या चाकूची किंमत खरंच एवढी उतरते?

पातंवेडा_मुलुंड:

ताई, आधी एक विनंती. बारा हजारांना देऊ नका. निदान आठवडाभर तरी नाही.

नवं स्टील आलं की भाव पडतो हे खरं आहे, पण पडतो तो स्टीलसाठीच विकत घेतलेल्या चाकूचा. माझंच सांगतो. २०१९ मध्ये मी एम३९० पात्याच्या मर्यादित आवृत्तीचा एक चाकू मूळ किमतीपेक्षा बराच जास्त मोजून घेतला. तेव्हा त्या मॉडेलमध्ये ते स्टील दुसरीकडे मिळत नव्हतं. दीड वर्षात त्याच कंपनीने तेच पातं नेहमीच्या मालात आणलं, मग २०२१ मध्ये मॅग्नाकट आलं. विकताना माझे वरचे सगळे पैसे गेले. चाकू तोच होता, धार तशीच होती. पण मी पैसे मोजले होते "दुसरीकडे मिळत नाही" याचे, आणि तेच संपलं होतं.

तुमच्या सेबेंझाची गोष्ट वेगळी आहे. त्याचं पहिलं पातं एटीएस-३४ चं होतं, मग बीजी-४२, आणि २००१ च्या सुमारास क्रूसिबल या स्टील कंपनीचं एस३०व्ही आलं. ते स्टील घडवण्यात क्रिस रीव्ह स्वतः सहभागी होते. म्हणजे बीजी-४२ चे सेबेंझा मधल्या थोड्याच वर्षांत बनले आणि तो हिशोब तिथेच बंद झाला. पुढे एस३५व्हीएन, एस४५व्हीएन, आता मॅग्नाकट. पातं बदलत गेलं तसे आधीचे चाकू मोजकेच राहिले. जुना सेबेंझा शोधणारा माणूस मॅग्नाकट शोधतच नाही. त्याला नवा हवा असेल तर तो नवाच घेईल. तुमचा खरेदीदार कार्ड, डबा आणि तारीख बघणारा आहे.

तुमच्या बाबांची वहीतली ओळ वाचून मी थोडा वेळ थांबलो. बीजी-४२ खरंच बेअरिंगसाठी बनलेलं स्टील. चार टक्के मॉलिब्डेनम, तापलं तरी कडकपणा सोडत नाही. जहाजाच्या इंजिनरूममधल्या माणसाने ते ओळखून घेतलं. ते वहीचं पान जपा आणि विकलाच तर त्याची प्रत चाकूसोबत द्या.

सातरस्ता:

मॅग्नाकटबद्दल थोडं, कारण ते नाव सांगून भाव पाडणारे मलाही भेटलेत. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने ते घडवलं. त्यात क्रोमियम फक्त १०.७ टक्के, एस३०व्हीत १४. तरी मॅग्नाकट कमी गंजतं, कारण एस३०व्हीतलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत, अडकतं आणि मॅग्नाकटमधलं गंज रोखायला मोकळं राहतं. आपल्या पावसाळ्यात हा फरक हाताला जाणवतो. वापरायला चाकू घेणाऱ्याने मॅग्नाकटच घ्यावं. पण संग्राहकाने हे कारण सांगून तुमचा भाव पाडणं मला पटत नाही.

डेलिकाकडून मात्र फार आशा ठेवू नका. ते वापरायचंच मॉडेल, आणि एटीएस-५५ ला मुंबईची हवा सोसत नाही. बकचं पातं मूळ आकारात आहे का?

गिरगावची_लेक:

नाही. बाबा गेल्यावर काकांनी तो सायकलवरच्या धारवाल्याकडे दिला होता. ठिणग्या उडाल्या, टोक बोथट गोल झालं आणि पात्याच्या पोटाला खोलगट वळण आलं. काकांचा हेतू चांगला होता, पण मला रडू आलं.

पातंवेडा_मुलुंड:

वाईट वाटलं. सुक्या चाकावर टोक निळसर झालं असेल तर तिथला कडकपणाही गेला. बक विकू नका, आईला भाजी निवडायला द्या किंवा तुमच्याजवळ ठेवा.

किंमत खाली येते ती अशाने. झिजून अरुंद झालेलं पातं, चाकावरचे ओरखडे, हरवलेलं कार्ड. स्टीलचं नाव नंतर येतं. म्हणून सेबेंझाच्या डागाला सँडपेपर लावू नका, लिंबूही नाही. मऊ कापडावर शिवणयंत्राचं तेल घ्या, डागावर रात्रभर राहू द्या, सकाळी बोटाने पुसा. वरवरचा असेल तर निम्मा जाईल. जेवढा उरेल तेवढा राहू द्या आणि फोटोत स्पष्ट दाखवा. कातडी म्यानात ठेवला असेल तर आजच बाहेर काढा, कातडं ओल धरतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

फोटो चार हवेत: उघडं पातं दोन्ही बाजूंनी, बंद चाकू वरून, आणि कार्ड. फ्लॅश नको.

गिरगावची_लेक:

तो म्यानातच होता, बाबा नेहमी तसाच ठेवायचे. आत्ता काढला. तेल लावून ठेवलंय. सकाळी गॅलरीत ऊन येतं, तेव्हा फोटो काढून इथे टाकते. त्या गृहस्थांना मात्र आत्ताच "नाही" कळवलं.